दोन पांढऱ्या भुकट्या

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात चादर मागितली की दुकानदार ती घडीतच दाखवत नाही. एक टोक धरून गादीवर झटकन पसरतो, मग तिच्यावर दुसरी, मग तिसरी. मोर, कमळ, वेल, चौकडी. आणि प्रत्येक चादरीबरोबर एक वाक्य ठरलेलं: "रंगाची काळजी करू नका, मालक. फाटेल, पण उतरणार नाही." लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या माणसाला एवढं पुरतं. मला मात्र हे वाक्य अर्धंच वाटतं. रंग उतरत का नाही, याचं उत्तर पेठेत मिळत नाही. त्यासाठी शहराच्या पूर्व भागात, मागांच्या खटखटाटात, एखाद्या डाईंगमध्ये जावं लागतं.

सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ ची. पुढे गिरण्यांबरोबर आणि गिरण्यांनंतरही तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हे शहर कापडावर उभं ठेवलं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते त्यांच्या हातांमुळे. पण विणकाम नंतरचं. चादरीचं सूत आधी रंगतं, मग मागावर चढतं. म्हणून चादरीची खरी परीक्षा रंगाच्या टाकीत होते.

एका डाईंगमध्ये मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पिवळा रंग चालू होता. टाकीत डोकावलो तर आत गडद निळं पाणी. रंगारी काकांनी सुताची लडी काठीवर उचलली, तीही निळी. मला वाटलं, चुकीची टाकी दाखवतायत. "थांबा की जरा," काका म्हणाले. लडी हवेत निथळत राहिली आणि डोळ्यांसमोर कडेकडेने पिवळी होऊ लागली. आधी हिरवट छटा, मग फिकट पिवळी, मग हळदीसारखी. कुणी काही टाकलं नव्हतं. लागली होती ती फक्त हवा.

टाकीशेजारी दोन पांढऱ्या भुकट्या होत्या. एक उघड्या पोत्यात, बिनधास्त. तिला तिथे ग्लॉबर सॉल्ट म्हणतात, रिॲक्टिव्ह रंगाच्या टाकीत मिठासारखी टाकतात. दुसरी लोखंडी ड्रममध्ये, वर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्या तोंडाला गाठ, त्यावर घट्ट झाकण. ती हायड्रो. काकांनी पसाभर काढली की लगेच झाकण लावायचे. "ओल लागली की तापतंय, कधी पेटतंय सुद्धा. आणि नुसतं उघडं ठेवलं तर मरून जातंय. मेलेलं हायड्रो टाकलं की रंग कच्चा बसतो."

मी घरी येऊन दोन्हींची रासायनिक सूत्रं काढली. ग्लॉबर सॉल्ट म्हणजे सोडियम सल्फेट: सोडियमचे २ अणू, गंधकाचा १, ऑक्सिजनचे ४. हायड्रो म्हणजे सोडियम डायथायोनाइट: सोडियमचे २ अणू, गंधकाचे २, ऑक्सिजनचे ४. तीच तीन मूलद्रव्यं, तीच पांढरी भुकटी, फरक गंधकाच्या एका अणूचा. मग एक पोत्यात निवांत पडून राहते आणि दुसरी ड्रममध्येही धुमसते, हे का?

याचं उत्तर एका आकड्यात आहे. त्याला ऑक्सिडीकरण अंक म्हणतात. अकरावीच्या पुस्तकात तो नियमांची यादी होऊन येतो, मुलं ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मला ते फार वाईट वाटतं, कारण इतक्या सोप्या बेरीज-वजाबाकीतून पदार्थाचा स्वभाव सांगणारी दुसरी युक्ती रसायनशास्त्रात क्वचितच आहे. निदान क्षारांच्या, म्हणजे आयनिक संयुगांच्या बाबतीत तरी.

सुरुवात मिठापासून करू. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. त्यांतले १० आतल्या कवचांत नीट बसलेले आणि १ बाहेर, एकटा. क्लोरीनकडे १७. त्याच्या बाहेरच्या कवचात ७, म्हणजे आठासाठी एक कमी. सोडियम आपला एकटा इलेक्ट्रॉन देतं, क्लोरीन घेतो. ऋण भाराचा इलेक्ट्रॉन दिल्यामुळे सोडियमवर +१ भार येतो, घेतल्यामुळे क्लोरीनवर −१. हे दोन भारित अणू, म्हणजे आयन, एकमेकांना धरून राहतात आणि मिठाचा खडा बनतो. इथे ऑक्सिडीकरण अंक शोधावाच लागत नाही. एकट्या अणूचा आयन असेल तर त्याचा भार हाच त्याचा अंक. सोडियम +१, क्लोरीन −१, बेरीज शून्य.

ही बेरीज शून्य येणं सगळ्याचा पाया आहे. मिठाच्या खड्याला हात लावला तर झटका बसत नाही. संपूर्ण पदार्थावर भार नसतो, म्हणून कुणी किती दिले आणि कुणी किती घेतले याचा हिशेब शेवटी जुळलाच पाहिजे. पेठेतली जुनी दिवाणजी मंडळी दिवसाच्या शेवटी जमा आणि नावे जुळवल्याशिवाय घरी जात नसत. पै चुकली तर ती सापडेपर्यंत दिवा जळत राही. अंक काढताना तेवढीच शिस्त लागते, त्याहून जास्त काही नाही.

कळीचा चुना घ्या. कॅल्शियम आणि ऑक्सिजन, एकास एक. कॅल्शियमच्या बाहेरच्या कवचात २ इलेक्ट्रॉन, ते दोन्ही देतं, म्हणून +२. ऑक्सिजनला आठ पुरे करायला २ हवेत, म्हणून −२. जुळलं. चुना विरवला की त्यात हायड्रॉक्साइड आयन येतो, एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन मिळून −१ भाराचा. कॅल्शियमच्या +२ ला असे दोन लागतात, म्हणून विरवलेल्या चुन्यात एका कॅल्शियममागे दोन हायड्रॉक्साइड असतात. सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही, हिशेबच ते लिहून देतो.

आता खरी युक्ती. सगळ्या अणूंपैकी काही आपल्या शब्दाचे इतके पक्के आहेत की संयुगात गेल्यावर त्यांचा अंक बदलत नाही. सोडियम, पोटॅशियम आणि त्यांच्या कुटुंबातले धातू: +१. कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम: +२. ॲल्युमिनियम: +३. फ्लोरीन: −१. यांच्याशी वाद घालायचा नाही. त्यांच्यानंतर हायड्रोजन, अधातूंबरोबर +१. मग ऑक्सिजन, बहुतेक वेळा −२. आणि मग बाकीचे: गंधक, नायट्रोजन, लोह, तांबं, क्रोमियम, मँगेनीज. हे प्रसंग पाहून वागतात. अंक काढायचा असतो तो यांचाच. पद्धत इतकीच की पक्क्यांचे आकडे आधी मांडायचे, कच्च्याला क्ष म्हणायचं आणि बेरीज शून्य करायची.

ग्लॉबर सॉल्टवर हे करून पाहू. सोडियम २, प्रत्येकी +१, मिळून +२. ऑक्सिजन ४, प्रत्येकी −२, मिळून −८. गंधक एक, क्ष. म्हणजे २ + क्ष − ८ = ०. क्ष = +६.

आता हायड्रो. सोडियमचे +२. ऑक्सिजनचे −८. गंधक दोन, म्हणून २ क्ष. २ + २ क्ष − ८ = ०. २ क्ष = ६. क्ष = +३.

पोत्यातल्या भुकटीत गंधक +६ वर, ड्रममधल्या भुकटीत +३ वर. काकांच्या झाकणाचं कारण हेच.

गंधकाच्या बाहेरच्या कवचात ६ इलेक्ट्रॉन असतात. हिशेबात ते सगळे दिल्याचं धरलं तर तो +६ वर पोहोचतो, त्याच्या वर जागाच नाही. उलट दोन घेऊन आठ पुरे केले तर −२ वर येतो. या दोन टोकांमध्ये गंधकाच्या पायऱ्या आहेत. सल्फर रंगांच्या टाकीत लागणारं सोडियम सल्फाइड, कुजक्या अंड्यासारख्या वासाचं, त्यात गंधक −२ वर असतो. पिवळ्या गंधकाच्या कांडीत, मोकळ्या मूलद्रव्यात, अंक ०. हायड्रोत +३. सल्फाइटमध्ये +४. आणि सल्फेटमध्ये +६, सर्वांत वरच्या पायरीवर. वरच्या पायरीवर बसलेल्या गंधकाकडे देण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून ग्लॉबर सॉल्ट उघड्या पोत्यात वर्षभर पडून राहिलं तरी हवेतल्या ऑक्सिजनला त्यातून काही मिळत नाही. हायड्रोतला गंधक मधल्या पायरीवर आहे. त्याच्याकडे इलेक्ट्रॉन आहेत आणि तो ते द्यायला उतावीळ आहे. समोर जो कुणी घेणारा येईल त्याला देऊन तो वरच्या पायरीवर चढतो. घेणारा हवेतला ऑक्सिजन असेल तर हायड्रो ड्रममध्येच संपतं. काका ज्याला "मेलं" म्हणतात ते हेच: गंधक +३ वरून वर निघून गेलेला असतो.

आणि घेणारा जर टाकीतला रंग असेल, तर सूत रंगतं. व्हॅट जातीचे रंग मुळात पाण्यात विरघळत नाहीत. विरघळतच नाही ती गोष्ट सुताच्या धाग्यात शिरणार कशी? १९०१ साली रेने बोन या रसायनतज्ज्ञाने जर्मनीत बास्फ कंपनीत इंडान्थ्रीन हा निळा रंग शोधला आणि या जातीच्या पक्क्या कृत्रिम रंगांचं दार उघडलं. त्यांची सगळ्यांची कळ एकच आहे. गरम पाण्यात कॉस्टिक सोडा आणि हायड्रो घालायचं. हायड्रोच्या प्रत्येक एककामधून दोन इलेक्ट्रॉन सुटतात, गंधक +३ वरून +४ वर जाऊन सल्फाइट बनतो, आणि ते इलेक्ट्रॉन रंगाचा रेणू घेतो. इलेक्ट्रॉन मिळाले की रंगाच्या रेणूवर ऋण भार येतो, त्याच्याशेजारी सोडियमचे धन आयन उभे राहतात, आणि जो रंग पाण्याला दाद देत नव्हता तोच आता क्षारासारखा विरघळतो. त्या अवस्थेत त्याचा रंगही बदललेला असतो. म्हणून पिवळ्याची टाकी निळी.

विरघळलेला रंग सुताच्या तंतूंमध्ये खोलवर शिरतो. मग लडी वर काढली की हवेतला ऑक्सिजन ते उसने इलेक्ट्रॉन परत घेतो. रंग पुन्हा मूळच्या, न विरघळणाऱ्या रूपात येतो, पण आता तो तंतूच्या आत अडकलेला असतो. पाण्याने धुतला तर जाणार नाही, कारण पाण्यात तो विरघळतच नाही. नवी पेठेतल्या दुकानदाराच्या त्या एका वाक्यामागे गंधकाचं +३ वरून +४ वर जाणं उभं आहे.

या सगळ्या देवघेवीला नावं आहेत. इलेक्ट्रॉन दिले, अंक वाढला, तर ऑक्सिडीकरण. इलेक्ट्रॉन घेतले, अंक कमी झाला, तर क्षपण. ऑक्सिजनशी संयोग एवढाच ऑक्सिडीकरणाचा जुना अर्थ होता, नाव तिथूनच आलं, पण आज ऑक्सिजन असो वा नसो, अंक वर गेला की ते ऑक्सिडीकरण. लोह, तांबं अशा प्रसंगानुसार वागणाऱ्या धातूंच्या नावापुढे कंसात रोमन अंक लिहून त्यांची पायरी सांगण्याची पद्धत जर्मन रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये सुचवली. बाटलीवर लोह किंवा तांबं या नावापुढे कंसात दोन किंवा तीन लिहिलेलं दिसलं तर तो हाच अंक असतो.

सगळ्या टाक्या हवेच्या भरवशावर सोडत नाहीत. हवेने काम हळू होतं, म्हणून पूर्वी काही रंगांसाठी बायक्रोमेट वापरत. नारिंगी खडे, दिसायला सुंदर. सूत्र: पोटॅशियम २, क्रोमियम २, ऑक्सिजन ७. पोटॅशियमचे +२, ऑक्सिजनचे −१४, तेव्हा दोन क्रोमियम मिळून +१२ आणि प्रत्येकी +६. क्रोमियमचा हा सर्वांत वरचा अंक. तो इलेक्ट्रॉनसाठी हपापलेला असतो, रंगाकडून ते ओढून घेतो आणि स्वतः +३ वर उतरतो. नारिंगी द्रावण हिरवं होतं. रंगाच्या दृष्टीने काम चोख, पण +६ चं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं हे आता पक्कं माहीत आहे, आणि +३ चं त्या मानाने खूपच कमी घातक आहे. धातू तोच, फरक फक्त अंकाचा. त्यातही एक विलक्षण गोष्ट आहे. बायक्रोमेटचा भाऊबंद क्रोमेट आयन आणि सल्फेट आयन शेजारी ठेवून पाहा. एकाच्या मध्यभागी +६ चं क्रोमियम, दुसऱ्याच्या मध्यभागी +६ चा गंधक, भोवती चार-चार ऑक्सिजन, दोघांचा भार −२, आकारही जवळपास एकच. आपल्या पेशी सल्फेटला आत घेण्यासाठी जी दारं ठेवतात त्याच दारांतून क्रोमेट फसवून आत शिरतं. आज बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, आणि हा बदल आधीच व्हायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

पेरॉक्साइड आलंच आहे तर ऑक्सिजनबद्दलचा "बहुतेक वेळा" हा शब्द सोडवून टाकू. सोडियम पेरॉक्साइडमध्ये सोडियम २ आणि ऑक्सिजन २. ऑक्सिजनला −२ धरलं तर बेरीज +२ − ४ म्हणजे −२ येते. शून्य येत नाही, म्हणजे कुणीतरी आपला नेहमीचा अंक सोडला आहे. कुणी? सोडियम सोडणार नाही. मग ऑक्सिजननेच सोडला, तो इथे −१ वर आहे. कारण इथले दोन ऑक्सिजन एकमेकांनाच धरून आहेत, आणि आपसातल्या जोडीत देणं-घेणं धरत नाहीत. नियमांत कुणाचा शब्द वरचा आणि कुणाचा खालचा हे एकदा ठाऊक झालं की अपवादांची यादी पाठ करावी लागत नाही.

आता पेठेतून बाहेर पडून तालुक्यांकडे जाऊ. सोलापूर जिल्हा डाळिंबाचा. भारतीय कृषी संशोधन परिषदेचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथेच, केगावला आहे, आणि सोलापूर डाळिंबालाही भौगोलिक मानांकन आहे. कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या फळीवर नजर टाका, ती आयनिक संयुगांनी भरलेली असते. शेतकरी त्यांना आकड्यांनीच हाक मारतात: "तेरा-शून्य-पंचेचाळीस द्या, बारा-एकसष्ट द्या." पहिलं पोटॅशियम नायट्रेट, दुसरं मोनो अमोनियम फॉस्फेट. दोन्हींत नायट्रोजन आहे. तो दोन्हीकडे सारखाच आहे का?

इथे विद्यार्थ्यांची हमखास होणारी चूक सांगतो, कारण मी स्वतः ती केली आहे. अमोनियम नायट्रेट हा क्षार घ्या: नायट्रोजन २, हायड्रोजन ४, ऑक्सिजन ३. सगळं एकत्र टाकून हिशेब मांडला तर २ क्ष + ४ − ६ = ०, म्हणजे क्ष = +१. गणित चुकलेलं नाही, तरी उत्तर चूक आहे. क्षारात दोन वेगळे आयन आहेत आणि त्यांच्यात नायट्रोजनची दोन वेगळी घरं आहेत. आधी आयन वेगळे करा, मग प्रत्येकाचा स्वतंत्र हिशेब मांडा, आणि बेरीज शून्याऐवजी त्या आयनाच्या भाराइतकी करा. अमोनियम आयनात एक नायट्रोजन, चार हायड्रोजन, भार +१. क्ष + ४ = १, म्हणून नायट्रोजन −३. नायट्रेट आयनात एक नायट्रोजन, तीन ऑक्सिजन, भार −१. क्ष − ६ = −१, म्हणून +५. एकाच खड्यात नायट्रोजन अगदी खालच्या पायरीवरही आहे आणि अगदी वरच्या पायरीवरही. देणारा आणि घेणारा एका घरात राहतात, म्हणून हा क्षार स्फोटकही ठरू शकतो आणि २०१२ पासून भारतात त्याच्या साठवणीवर व विक्रीवर स्वतंत्र नियम आहेत. शिवाय, तो काळजीपूर्वक तापवला तर दोन्ही नायट्रोजन मध्यावर येऊन भेटतात आणि नायट्रस ऑक्साइड हा वायू सुटतो. त्यात नायट्रोजनचा अंक +१ असतो, आपल्याला चुकून मिळालेला तोच.

तेव्हा फळीवरच्या दोन पिशव्यांपैकी तेरा-शून्य-पंचेचाळीसमधला नायट्रोजन +५ चा, बारा-एकसष्टमधला −३ चा. मातीतले जिवाणू अमोनियमचं हळूहळू नायट्रेट करतात, म्हणजे नायट्रोजनला −३ वरून +५ पर्यंत आठ पायऱ्या चढवतात.

त्याच फळीवर खाली मोरचूद आणि हिराकस असतं. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, निळे खडे, प्रत्येक एककात पाण्याचे ५ रेणू. पाण्याची बेरीज आपली आपण शून्य असते, ती बाजूला ठेवा. सल्फेटचा भार −२, म्हणून तांबं +२. बोर्डो या बुरशीनाशकाच्या एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी हे प्रमाण बागायतदारांना तोंडपाठ असतं. मिश्रण तयार झालं की जुने शेतकरी त्यात लोखंडी विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर म्हणतात, "चुना कमी पडला, अजून घाल." तो थर म्हणजे तांबं. चुना पुरेसा नसेल तर तांब्याचे +२ चे आयन द्रावणात मोकळे राहतात. विळ्यातलं लोखंड आपले इलेक्ट्रॉन त्यांना देतं, स्वतः ० वरून +२ वर जाऊन पाण्यात उतरतं, आणि तांबं +२ वरून ० वर येऊन पात्यावर बसतं. मोकळं तांबं पानं जाळतं, म्हणून ही परीक्षा. पुरेसा चुना असेल तर तांबं हायड्रॉक्साइडमध्ये बांधलं जातं, +२ वरच राहतं, आणि विळा कोरडा करून पाहिला तरी लोखंडासारखाच दिसतो.

हिराकशीची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट, पुन्हा सल्फेट −२, म्हणून लोह +२. ताजे खडे फिकट हिरवे असतात. पिशवी उघडी राहिली की खड्यांवर पिवळट तपकिरी पूड धरते. हवेने लोह +३ वर नेलेलं असतं. नुसत्या रंगावरून अंक वाचता येतो अशी ही जागा आहे. आणि हाच प्रकार जमिनीत घडतो तेव्हा बाग पिवळी पडते. सोलापूरच्या चुनखडीच्या जमिनीत लोह कमी नाही, भरपूर आहे. पण विम्लधर्मी, हवेशीर मातीत ते +३ वर जाऊन न विरघळणाऱ्या रूपात घट्ट बसतं. डाळिंबाचं मूळ +३ चं लोह थेट घेऊ शकत नाही, आधी त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन +२ करतं आणि मगच आत घेतं. चुन्यामुळे हे काम अडतं. नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शेजारच्या रानात ज्वारी मात्र वेगळी वाट धरते. गवताच्या कुळातली असल्याने तिची मुळं मातीत असे पदार्थ सोडतात की जे +३ च्याच लोहाला कवेत घेऊन आत आणतात. एकाच मातीत दोन पिकं, आणि त्यांच्यातला फरक एका इलेक्ट्रॉनचा. शेतकऱ्याला "जमिनीत लोह कमी आहे" असं सांगणारा सल्ला म्हणूनच पुष्कळदा अपुरा असतो. लोह आहे, पण नको त्या अंकावर आहे. त्यावर उपाय म्हणजे लोह बांधून धरणारी चिलेटेड खतं किंवा पानांवर ताज्या हिराकशीची फवारणी. पिशवीतले खडे तपकिरी झाले असतील तर ते विकतच घेऊ नयेत.

अंकाची एक मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला हवी. फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत पूर्वी हायपो असायचं, सोडियम थायोसल्फेट. सोडियम २, गंधक २, ऑक्सिजन ३. हिशेब २ + २ क्ष − ६ = ०, म्हणून गंधक +२. पण हा सरासरी आकडा आहे. हायपोत एक गंधक मध्यभागी, ऑक्सिजनांनी वेढलेला, आणि दुसरा त्याला बाहेरून जोडलेला आहे. दोघांची परिस्थिती सारखी नाही. हायड्रोत मात्र दोन्ही गंधक अगदी एकसारखे, आरशातल्या प्रतिमेसारखे, म्हणून तिथला +३ दोघांनाही सारखाच लागू पडतो. सूत्रावरून काढलेला अंक सरासरी सांगतो. कुठला अणू कुठे बसला आहे हे कळायला रचना पाहावी लागते. मिठासारख्या एकेरी आयनांत ही अडचण येत नाही. गंधक किंवा नायट्रोजनचे जोडीने बसलेले आयन दिसले की सावध व्हावं.

आता एक हिशेब तुमच्यासाठी. स्वयंपाकघरातली मिठाची पिशवी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. त्यात पोटॅशियम आयोडेट लिहिलेलं सापडेल: पोटॅशियम १, आयोडीन १, ऑक्सिजन ३. कायद्याप्रमाणे ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावं लागतं. ते आयोडाइडच्या रूपात, म्हणजे −१ वर ठेवलं असतं तर दमट हवेत हायड्रोसारखंच इलेक्ट्रॉन देऊन ० वर आलं असतं आणि वाफ होऊन पिशवीतून निघून गेलं असतं. आयोडेटमधलं आयोडीन आधीच बऱ्याच वरच्या पायरीवर आहे, ग्लॉबर सॉल्टमधल्या गंधकासारखं, म्हणून ऑक्सिजनला त्याच्याकडून काही घेता येत नाही आणि ते टिकतं. पोटॅशियम आणि ऑक्सिजन मांडा, आयोडीनला क्ष म्हणा. उत्तर +५ यायला हवं.